मास्तरांच्या डाव्या अंगाला

माझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि नवरा गायब झाला. चेष्टा नाही करत. लग्न लावणारे स्वामी आशीर्वाद द्यायला उठले आणि बघतात तर माझ्या शेजारचा पाट रिकामा. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आमचे मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पळालं की काय बे पोरगं?" शेवटी सापडलं ते मांडवाच्या दारात. बाशिंग बांधलेलं, गळ्यात हार, आणि बँडवाल्यांच्या पुढ्यात डोळे मिटून उभं. सासूबाईंनी उपरण्याला धरून ओढत आणून बसवलं, तर माझ्या कानाशी लागून पहिलं वाक्य काय म्हणावं माणसानं? "मास्तरांनी शेवटाला काय सूर लावला, ऐकलीस का?" मी नवी नवरी, मान खाली. मनात म्हटलं, दाक्षायणी, झालं तुझं कल्याण.

ते मास्तर म्हणजे मायाप्पा मास्तर. रेवणसिद्ध ब्रास बँडचे मालक आणि क्लॅरोनेट वाजवणारे. मूळचे मंगळवेढ्याकडचे. लहानपणी मेंढरांमागं पावा वाजवत फिरायचे, तिथून सोलापुरात येऊन कुणाच्या तरी बँडात शिरले आणि पुढं स्वतःचा बँड काढला. आणि आमचे हे, शिवयोगी, शेळगीत पिठाची गिरणी चालवणारे. दोघांचा काही संबंध आहे का? पण ह्यांनी शाळेत असताना एका वरातीत ती क्लॅरोनेट ऐकली आणि तिथंच सगळं बिघडलं. कुणाचं लग्न, कुठल्या देवाची पालखी, काही विचारायचं नाही. रेवणसिद्ध बँड वाजतोय म्हटलं की हे मास्तरांच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर. डाव्याच का, तर म्हणे सूर तिकडून चांगला लागतो कानाला. मी म्हटलं, उजवीकडं उभं राहिलं तर काय बहिरं होतंय व्हय माणूस? त्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

गिरणीत पट्टा फिरत असायचा आणि ह्यांच्या कानात मोबाइलची वायर. मोबाइलमध्ये काय, तर मास्तर. ज्वारी भरड निघायची. बायका डबे आपटायच्या, "ओ शिवयोगी, भाकरी तुटायलीय की तव्यावर! जरा लक्ष द्या." हे मान हलवायचे. बायकांना वाटायचं, ऐकलं बाबा ह्यानं. मला ठाऊक होतं की मान तालावर हलतीय.

बँडाचे दिवस तेव्हा वाईटच होते. डीजे आला होता ना. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, घरातली भांडी मांडणीवरून खाली यायची. मग बँडाला कोण विचारतंय? बोलावलंच तर रीत म्हणून देवळापुढं पाच मिनिटं वाजवायचं, की झालं. "बास मास्तर, आता बाजूला व्हा," असं म्हणायची कालची पोरं. मास्तर निमूट क्लॅरोनेट पुसून पिशवीत घालायचे आणि ट्रकच्या मागं जाऊन उभे राहायचे. ते बघून हे घरी यायचे आणि जेवायचे नाहीत. मी म्हणायची, अपमान झाला मास्तरांचा, उपाशी तुम्ही का? माझं बोलणं वाया जायचं आणि भाकरीही.

अशाच एका लग्नात बँडातला खुळखुळे वाजवणारा आला नाही. मास्तरांनी इकडं तिकडं बघितलं. डाव्या अंगाला हे होतेच. "गिरणीवाले, रोज हितं हुबं ऱ्हाताव. हात रिकामंच हायत न्हवं? घ्या हे," म्हणाले आणि खुळखुळे ह्यांच्या हातात दिले. त्या दिवशी हे घरी आले तर तोंडातून शब्द फुटेना. मला वाटलं, कुणी गेलं की काय. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, तेव्हा म्हणाले, "मास्तर म्हणाले, ताल चांगला हाय तुमचा." आणि चाळिशी ओलांडलेला माणूस ढसाढसा रडला. मला हसावं का रडावं कळेना. खरं सांगायचं तर मलाही जरा भरून आलं.

मग काय, लाल कोट आला. सोनेरी पट्ट्यांचा, दुसऱ्याच कुणाच्या मापाचा. पोटावरचं बटण काही केल्या लागायचं नाही. आमचं घर लिंगायताचं, सासूबाईंनी आकांत मांडला. "अय्यो देवरे, गळ्यात लिंग आणि वर बँडाचा कोट? नातेवाइकांत तोंड कसं दाखवू मी?" हे सगळं ऐकून घ्यायचे, लिंगाचं वस्त्र नीट कोटाच्या आत सारायचे आणि पायात चपला घालून निघायचे. गिरणी माझ्या गळ्यात पडली. पट्टा चढवण्यापासून दगडाला टाकी मारून घेण्यापर्यंत सगळं शिकले. बायका म्हणायच्या, "दाक्षायणी, तुझं पीठ कसं बारीक येतंय बघ." येणारच की. मी गिरणीत गिरणीच चालवत होते.

पुढं सोलापुरातल्या लोकांनाच त्या डीजेचा वीट आला. म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधड, तान्ही पोरं झोपेत दचकायची. ओरड झाली, मोर्चे निघाले, मिरवणुकीत डीजे बंद झाला. आणि बघता बघता सगळे बँडाकडं परत आले. बाजूला व्हा म्हणणारी तीच पोरं आता मास्तरांच्या दारात, "मास्तर, तारीख द्या की, पाया पडतो." मास्तर पुन्हा कोटाला इस्त्री करायला लागले. लग्नसराईत एक दिवस मोकळा नसायचा. ह्यांच्या अंगावर तर मूठभर मांस चढलं.

आणि नेमका तेव्हाच मास्तरांचा दम संपत आला.

तालमीत एकदा खोकल्याची उबळ आली ती थांबेना. हे त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. म्हणाले, फुप्फुसं कडक होत चाललीत, आता फुंकायचं बंद. असंच वाजवत राहिलात तर एक दिवस वाजवता वाजवताच जाल. बाहेर आल्यावर मास्तर पायरीवर टेकले आणि ह्यांना म्हणाले, "शिवयोगीअण्णा, तुमच्यात लिंगाची आण लई मोठी आसती न्हवं?"

हे म्हणाले, "हो."

"मग लावा हात गळ्याला. घरात, बँडात, कुनालाबी ह्यातलं सांगायचं न्हाय."

"मास्तर, असं नका करू. तुमचा जीव जाईल."

"इतकी वर्सं लोकांनी मला टरकामागं हुबा केला. आत्ता कुटं त्यांचं कान उघडल्यात, आन मी तोंड मिटू व्हय? लावा हात."

आणि ह्यांनी लावला. आमच्यात लहानपणी लिंग गळ्यात बांधतात, आणि माणूस गेला की तेच त्याच्या तळहातावर ठेवून त्याला मातीत बसवतात. त्याची आण कुणी चेष्टेतसुद्धा घेत नाही. घेतली की संपलं. तेही घालणारे मास्तर! दुसऱ्या कुणी घातली असती तर एखादे वेळी हे कचरले असते. मास्तरांनी विहिरीत उडी टाक म्हटलं असतं तर ह्यांनी कोट काढू का ठेवू एवढंच विचारलं असतं.

हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की माणूस मिटून गेलाय. मग एके दिवशी मास्तर ह्यांना बोलवायला गिरणीत आले. गिरणीत पीठ उडतच असतं. दोन मिनिटांत मास्तरांनी दाराची चौकट धरली. तोंड उघडं, ओठ काळेनिळे, छाती नुसती वरखाली. मी गिरणी बंद केली, त्यांना बाहेर ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. संध्याकाळी ताट वाढलं आणि सरळ विचारलं, "मास्तरांना काय झालंय?" ह्यांनी घास खाली ठेवला, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी. मी काय समजायचं ते समजले. इतका राग आला म्हणून सांगू, ह्यांचा आला, मास्तरांचा आला, त्या क्लॅरोनेटचाही आला.

पण मी काही आण घेतलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप घातलं आणि मास्तरांच्या घरी गेले. त्यांची बायको, फुलाबाई, ज्वारी निवडत बसली होती. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, "मास्तरांचं वाजवणं बंद करा. त्यांची छाती गेलीय."

फुलाबाईनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. "अक्का, शेजारी झोपतो की गं मानूस. मला म्हाईत नसंल व्हय? रोज खोकतोय, उशी घिऊन बसतोय. त्ये वाजवायचं लपवून ठिवलं म्या एकदा. अन्नाला शिवला न्हाय. भितीकडं तोंड करून पडला. त्ये बघवंना म्हनून म्याच काढून दिलं. तू सांग, काय करू म्या?" चहा पिऊन परत आले.

म्हणजे बघा, माहीत सगळ्यांना, आणि हात सगळ्यांचे बांधलेले. माहीत नव्हतं ते फक्त बँडातल्या माणसांना आणि लोकांना. आणि ते कळू नये ह्याची सगळी जबाबदारी आमच्या ह्यांच्यावर. कारण मास्तर कुठल्या गाण्यात कुठं श्वास घेतात हे ह्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सूर बारीक झाला, दम तुटायला आला, की हे खुळखुळे जोरात घुमवायचे. ती खूण. मग मल्हार, म्हणजे मास्तरांचा पुतण्या, ट्रंपेट उचलायचा, मागून ढोल, ताशे, सगळे एकदम तुटून पडायचे. त्या गदारोळात मास्तर क्लॅरोनेट नुसती तोंडाला लावून उभे राहायचे आणि दम घ्यायचे. मल्हारला वाटायचं, काकांनी नवीन पद्धत काढलीय. लोकांना तर भारीच आवडली. "गिरणीवाल्याचा खुळखुळा वाजला की बँड कसा उसळतोय बघ," असं म्हणायचे आणि पुन्हा वाजवायला लावायचे.

हे एकदा मला म्हणाले, "दाक्षायणी, मी मास्तरांना जगवायलोय का मारायलोय?"

मी म्हटलं, "सोडून द्या तो बँड."

"मी सोडला तर मास्तर थांबतील व्हय? नुसतं सांभाळणारं कुणी राहणार नाही."  खरंच होतं ते.

वैशाखात वळसंगला माझ्या मावसभावाच्या पोराचं लग्न निघालं. बँड कुणाचा, तर रेवणसिद्ध. मीच मनाई करायला पाहिजे होती म्हणाल, तर मी केली. मावसभाऊ म्हणाला, "अक्का, तुझ्या नवऱ्याचा बँड सोडून दुसऱ्याचा सांगू? पाव्हणे काय म्हणतील?" झालं.

दुपार कलली होती, पण ऊन मी म्हणत होतं. नवरदेव मारुतीला जाऊन मांडवाकडं निघाला. आमच्याकडं ह्याला परण्या म्हणतात. पुढं बँड, मध्ये नाचणारी पोरं, मग घोडा, आणि घोड्यामागं आम्ही बायका. वाट अरुंद, धुरळा असा की पुढचं माणूस मधूनच काय ते दिसायचं. मी टाचा उंचावून पुढं बघत होते. मास्तरांनी पहिलं गाणं काढलं, दुसरं काढलं. ह्यांचे खुळखुळे घुमले, बँड उसळला. परत घुमले, परत उसळला. इतक्या लवकर लवकर कधी घुमत नव्हते. 

आता बँडाची एक शिस्त असते. मास्तरांनी क्लॅरोनेट वर उचलली की चढवायचं, खाली आणली की तोडायचं, म्हणजे एकदम थांबायचं. मध्ये कुणी कुणाचं ऐकायचं नाही. नवरदेवाचा बाप जरी आडवा आला तरी मास्तरांची क्लॅरोनेट खाली येईपर्यंत हात थांबवायचा नाही. वाटेत वाजप तुटलं तर लोक अपशकुन मानतात, म्हणून मास्तरांनीच ही शिस्त घालून दिलेली.

मास्तरांचा दम संपला. त्यांनी मान मागं टाकली, तोंड आभाळाकडं केलं हवा घ्यायला, आणि तोंडाबरोबर हातातली क्लॅरोनेटही वर गेली. मल्हारनं ते बघितलं. काका चढव म्हणायलेत! त्यानं डोळे मिटले आणि ट्रंपेटमध्ये जीव ओतला. ढोलवाले पेटले. मास्तरांची क्लॅरोनेट आणखी वर गेली, बँड आणखी चढला.

एकट्या ह्यांना कळलं होतं काय चाललंय ते. पण करणार काय? खुळखुळे घुमवले तर बँड आणखी चढणार. थांबवले तर त्या गोंधळात कुणाला ऐकू जाणार? ह्यांनी खुळखुळे फेकले आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागले, "थांबवा! थांबवा बे!" मला ओठ दिसत होते, आवाज नाही. नाचणाऱ्या पोरांना वाटलं, मामा रंगात आलेत. चौघांनी ह्यांना खांद्यावर उचललं आणि नाचवायला लागले! खांद्यावरून हे ओरडताहेत, हात मास्तरांकडं, आणि खाली पोरं शिट्ट्या मारताहेत. मी बायकांना ढकलत पुढं घुसले. घोडा आडवा. "बाजूला व्हा, मरायलाय माणूस!" मी ओरडत होते, आणि शेजारची माझ्याकडं बघून हसून टाळ्या वाजवत होती.

मास्तरांचे गुडघे मोडले. क्लॅरोनेट हातातून सुटून खाली आली. आणि खाली आली म्हटल्यावर बँड थांबला. एका ठोक्यात, एकही सूर मागं न राहता. अशी चोख तोड रेवणसिद्ध बँडानं कधी घेतली नव्हती. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग धुरळा खाली बसला.

मास्तर वाचले. म्हणजे डॉक्टर म्हणाले, वाचले. नाकाला नळी, बाजूला ऑक्सिजनचं यंत्र, एक वाक्य बोलायचं तर मध्ये तीनदा थांबायचं. हे रोज दवाखान्यात जायचे आणि दाराबाहेरच्या बाकावर बसायचे. आत जायची छाती होत नव्हती. शेवटी मीच एक दिवस हाताला धरून आत नेलं. फुलाबाई उशाशी बसली होती. मास्तरांनी ह्यांच्याकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुमाला म्हाईत हुतं. सांगितलं का न्हाय कुनाला?"

ह्यांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजारी माणूस, दवाखाना, काही सुचलं नाही मला. "मास्तर, काय बोलायलाय तुम्ही हे? तुम्हीच आण घातलीत की ह्यांना! ह्या माणसाला रात्र रात्र डोळा लागत नव्हता तुमच्यापायी!"

"घातली की," मास्तर म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "मला सोताला थांबता येत नव्हतं. मला वाटलं, ह्यो मानूस माझ्यावर यवडा जीव टाकतोय... ह्यो काय आण पाळायचा न्हाय."

फुलाबाईनं पदर तोंडात कोंबला. ह्यांनी मास्तरांच्या पायाला हात लावला, "चुकलं मास्तर," म्हणाले, आणि बाहेर आले. 

आता गिरणी पुन्हा हेच बघतात. कानाला वायर नाही. पीठ बारीक येतं, बायका खूश आहेत. ताटावर बसले की मात्र पहिला घास हातात धरून मला विचारतात, "दाक्षायणी, मी आण मोडायला पाहिजे होती का गं?" मोडली असती तर मास्तरांनी ह्यांचं तोंड बघितलं नसतं. पाळली, तर हे असं. रोज विचारतात. मी काय सांगू? मी म्हणते, जेवून घ्या.